डिझेलवरील कर आणि एका ट्रकचा मालक
(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महागाईविरोधी सभांतून डिझेलच्या दराचा उल्लेख हमखास होतो. परंतु डिझेलवरील कर प्रथम कोणाकडून वसूल होतो, तो पुढे कोणावर ढकलला जातो आणि अखेर कोणाच्या तिजोरीत जातो, याचा उलगडा क्वचितच केला जातो. या प्रश्नाची वर्गीय बाजू समजून घेण्यासाठी स्वतःचा एकच ट्रक स्वतः चालविणाऱ्या माणसापासून आरंभ करणे उचित ठरेल.

देशातील मालवाहतुकीपैकी सुमारे ७० टक्के वाहतूक रस्त्यावरून होते. ट्रकमालकांत बहुसंख्या पाचांहून कमी गाड्या असलेल्या छोट्या मालकांची आहे, आणि त्यांतील कित्येकांपाशी एकच गाडी असते. हा मनुष्य नावापुरता मालक असतो. गाडी कर्जाची, आणि हप्ता थकला की ती ओढून नेली जाते. माल त्याला कारखानदाराकडून थेट मिळत नाही. मोठी ट्रान्सपोर्ट कंपनी आणि दलाल यांच्या हातून तो येतो, आणि प्रत्येक हात आपला हिस्सा काढून घेतो. भाड्याचा दर ठरविण्यात ट्रकवाल्याचा शब्द चालत नाही. भाड्यापैकी काही रक्कम आगाऊ मिळते, उरलेली माल पोहोचल्याची पोच दाखवून आठवडे-आठवडे खेटे घातल्यावर. डिझेल मात्र पंपावर रोख द्यावे लागते.

आता कराचा हिशेब पाहावा. मे २०१४ मध्ये डिझेलवरील केंद्रीय उत्पादन शुल्क लिटरमागे ३ रुपये ५६ पैसे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिझेलचा दर नियंत्रणमुक्त करण्यात आला. जागतिक बाजारात कच्चे तेल स्वस्त झाले की ग्राहकाला त्याचा लाभ मिळेल, असे त्या वेळी सांगितले गेले. तेल खरोखरच स्वस्त झाले. पण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या अवधीत सरकारने नऊ वेळा उत्पादन शुल्क वाढवून तो लाभ आपल्याकडे वळवून घेतला. पुढे २०२० साली, टाळेबंदीत गाड्या जागच्या जागी उभ्या असताना, भारतीय कच्च्या तेलाचा सरासरी भाव एप्रिलमध्ये पिंपामागे २० डॉलरवर आला होता. त्या वर्षी मार्चमध्ये ३ रुपये आणि मे महिन्यात एका फटक्यात १३ रुपये वाढवून डिझेलवरील शुल्क ३१ रुपये ८३ पैशांवर नेण्यात आले. जनतेच्या रोषानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये १० रुपये आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये कपात झाली. तरीही उरलेले १५ रुपये ८० पैसे हे शुल्क २०१४ च्या चौपटीहून अधिक होते. एप्रिल २०२५ मध्ये त्यात पुन्हा २ रुपयांची भर पडली. त्या वेळी तिचा बोजा पंपावरील दरात उतरला नाही, एवढेच.

मुंबई ते दिल्ली हे अंतर सुमारे १,४०० किलोमीटर. भरलेला ट्रक लिटरमागे ४ किलोमीटर चालतो असे धरले, तर एका खेपेस ३५० लिटर डिझेल लागते. या एका खेपेचे केंद्रीय शुल्क मे २०१४ मध्ये १,२४६ रुपये होत होते. मे २०२० नंतर तेच ११,१४० रुपये झाले. मे २०२२ च्या कपातीनंतरही ते ५,५३० रुपये होते. परतीचे भाडे न मिळाल्यास रिकाम्या गाडीलाही कर चुकत नाही. याखेरीज राज्यांचा मूल्यवर्धित कर असतो, आणि बहुतेक राज्यांत तो केंद्राचे शुल्क धरून झालेल्या किमतीवर टक्केवारीने बसतो. म्हणजे करावर कर. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राच्या ३१ रुपये ८० पैशांपैकी १८ रुपये रस्ते व पायाभूत सुविधा उपकराचे होते. रस्त्याच्या नावाने हा उपकर भरूनही ट्रकवाल्याला त्याच महामार्गावर टोल वेगळा भरावा लागत होता.

शेकडो गाड्यांच्या कंपनीला आणि एका गाडीच्या मालकाला पंपावर कर सारखाच लागतो, पण तो दोघांवर सारखा पडत नाही. मोठी कंपनी कारखानदाराशी वर्षाचा करार करते, आणि डिझेल वाढले की भाडे वाढेल असे कलम त्यात घालून घेते. तिला इंधन उधारीवर मिळते, परतीचा मालही मिळतो. एका गाडीच्या मालकाला यांतले काहीच मिळत नाही. भाड्यातून जे वसूल होत नाही ते तो स्वतःच्या देहातून वसूल करतो. तो रात्र-रात्र गाडी हाकतो, क्लिनरला रजा देतो, टायर घासून गुळगुळीत होईपर्यंत वापरतो, क्षमतेपेक्षा जास्त माल भरतो. त्याने ड्रायव्हर ठेवला असेल तर बोजा ड्रायव्हरच्या पगारावर आणि भत्त्यावर ढकलला जातो. मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायदा १९६१ साली झाला. दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा त्याने घातली. परंतु हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगापुरता होता. ज्यांना संरक्षणाची सर्वांत अधिक गरज, तेच त्याच्या बाहेर राहिले.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. ट्रकवाल्याला वाढीव भाडे मिळत नाही, तर मग वस्तू महाग कशा होतात? मधल्या हातांकडे पाहिले की उत्तर मिळते. ट्रान्सपोर्ट कंपनी माल पाठविणाऱ्याकडून वाढीव भाडे आकारते. त्यातले ट्रकवाल्यापर्यंत थोडे पोहोचते आणि तेही उशिरा. व्यापारी हा खर्च दुहेरी वसूल करतो. नाशिक जिल्ह्यातील शेतकरी दिल्लीच्या बाजारात भाजी पाठवितो, तेव्हा त्याच्या हिशेबपट्टीत हमाली व तोलाईच्या जोडीने मोटारभाडे कापले जाते. आणि तीच भाजी विकत घेणाऱ्या दिल्लीतील कामगाराला वाढीव भाव मोजावा लागतो. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि कोळ्याची यांत्रिक होडी याच डिझेलवर चालते, त्यामुळे उत्पादनाचा खर्चही वाढतो. श्रीमंताच्या उत्पन्नात डाळ-भाजीचा वाटा नगण्य असतो, कामगाराच्या मजुरीत तो फार मोठा असतो. अप्रत्यक्ष कराचे वर्गीय स्वरूप ते हेच.

हा पैसा जातो कोठे? पेट्रोलियम पदार्थांवरील उत्पादन शुल्कातून केंद्राला २०१४-१५ मध्ये सुमारे ९९ हजार कोटी रुपये मिळाले; २०२०-२१ मध्ये ३ लाख ७३ हजार कोटी. सरकारने २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर रद्द केला. सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला आणि त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, हे स्वतःच सांगितले. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत डिझेलवर १६ रुपये चढले. राज्यांच्या वाट्यालाही त्यातून फारसे आले नाही. अधिभार आणि उपकर राज्यांत वाटले जात नाहीत. फेब्रुवारी २०२१ च्या ३१ रुपये ८० पैशांपैकी वाटपास पात्र असे मूळ शुल्क केवळ १ रुपया ८० पैसे होते. त्यातील ४१ टक्के, म्हणजे सुमारे ७४ पैसे, सर्व राज्यांत मिळून वाटले जाणार होते.

अशा वेळी पक्षसभासदांना एक अवघड प्रश्न विचारला जातो आणि तो टाळता कामा नये. केरळमध्ये डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने एप्रिल २०२३ पासून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये सामाजिक सुरक्षा उपकर लावला. तो कल्याणकारी पेन्शनसारख्या कामांसाठी होता आणि केंद्राने राज्याच्या कर्जमर्यादेवर कात्री चालविली होती, हे खरे. तितकेच खरे हे की तो कर त्याच ट्रकवाल्याने पंपावर भरला. थेट कराचे मोठे अधिकार केंद्राकडे असताना डावे सरकारही कोणत्या कोंडीत सापडते, हे यातून दिसते. ही कोंडी लोकांपुढे उघडपणे मांडली, तरच केंद्रावरील टीकेला नैतिक बळ येईल.

डिझेल जीएसटीखाली आणा, ही मागणीही तपासून घ्यावी. तसे झाल्यास भरलेल्या कराची वजावट मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना मिळू शकेल. नोंदणीबाहेर असलेल्या एका गाडीच्या मालकाला ती मिळणार नाही, आणि राज्यांच्या हाती उरलेले कराचे एक प्रमुख साधन जाईल. मोठ्या मालकांची मागणी आणि छोट्याची गरज नेहमी एक नसते.

जुलै २०१८ मध्ये ऑल इंडिया मोटर ट्रान्स्पोर्ट काँग्रेसच्या हाकेवर देशभर आठ दिवस चक्का जाम झाला. डिझेलवरील कर, टोल, विम्याचे हप्ते या तक्रारी सर्व वाहतूकदारांच्या होत्या. परंतु किमान भाड्याची हमी आणि ड्रायव्हरचे कामाचे तास हे प्रश्न मालकांच्या संघटनेकडून पुढे रेटले जातील, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. जानेवारी २०२४ च्या आरंभी भारतीय न्याय संहितेतील अपघातविषयक कठोर कलमाविरुद्ध खुद्द ड्रायव्हर रस्त्यावर आले. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि दुसऱ्याच दिवशी सरकारला चर्चेचे आश्वासन द्यावे लागले. १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता लागू झाली, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. या शक्तीची ओळख ड्रायव्हरला पटली आहे. उणीव आहे ती टिकाऊ संघटनेची.

एका गाडीचा मालक भांडवलदार नव्हे. तो कर्जात बुडालेला, स्वतः राबणारा छोटा उत्पादक आहे; मात्र ड्रायव्हर ठेवताच तो त्याचा मालकही होतो. त्याला मोठ्या मालकांच्या पाठीमागे जाऊ द्यायचे की पगारी ड्रायव्हरच्या शेजारी उभे करायचे, हा संघटनेचा प्रश्न आहे. दोघांना जोडणाऱ्या मागण्या स्पष्ट आहेत: डिझेलवरील उपकर व अधिभार कमी करून उरलेला कर राज्यांशी वाटून घ्यावा, डिझेलच्या दराशी निगडित किमान भाडे ठरवून ते ठराविक दिवसांत देण्याचे कायदेशीर बंधन माल पाठविणाऱ्यावर व ट्रान्सपोर्ट कंपनीवर घालावे, कामाचे तास आणि सामाजिक सुरक्षा कामगारसंख्येची अट न घालता सर्व ड्रायव्हर-क्लिनरांना लागू करावी, आणि महसुलाची तूट मोठ्या संपत्तीवर व नफ्यावर कर लावून भरून काढावी.

भिवंडी-कळंबोलीपासून इंदूर, सुरत, हैदराबादपर्यंत जेथे जेथे मराठीभाषक पक्षसभासद आहेत, तेथे मालवाहू गाड्यांचा तळ फार दूर नसतो. तेथे पत्रक वाटून परतणे पुरेसे नाही. ड्रायव्हरपाशी बसून एका खेपेचा हिशेब कागदावर मांडावा: भाडे किती, डिझेल किती, त्यात कर किती, दलाली किती आणि हाती उरले किती. तो हिशेब त्याला तोंडपाठ असतो. त्यातला कराचा आकडा कोणी, कशासाठी आणि कोणाला सूट देऊन वाढविला, एवढेच त्याला सांगावयाचे राहिले आहे.