तालमींत जाण्याचें कारण

सोळा वर्षांचा मुलगा एके दिवशीं घरीं येऊन सांगतो कीं, उद्यांपासून तो तालमींत जाणार. वडील विचारतात, "कशासाठीं?" मुलगा म्हणतो, "प्रकृतीसाठीं." हें उत्तर पुष्कळदां खरें नसतें. वाटेंत कोणीं तरी त्याला अडवून चारचौघांत त्याचा अपमान केलेला असतो, आणि ती गोष्ट आईवडिलांस सांगण्याची त्याला लाज वाटते. कराटेच्या वर्गास जाऊं इच्छिणारी मुलगीहि "मैत्रिणी जातात म्हणून" एवढेंच सांगते. रस्त्यावर वाटणाऱ्या भीतीचा उच्चार ती करीत नाहीं. मल्लविद्येकडे जाण्याचें खरें कारण असें बहुधा खाजगी असतें, आणि घरांतील वडील माणसें तें हंसण्यावारी नेतात.

वस्तुतः त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. या विद्येच्या इतिहासांतील मोठमोठ्या माणसांचीं कारणें याहून निराळीं नव्हतीं.

ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांचा जन्म जपानांत १८६० सालीं झाला. ते बुद्धीनें तल्लख, पण शरीरानें लहानखुरे होते. शाळेंतील दांडगीं मुलें त्यांना छळीत. दुबळ्या माणसासही बलवानाला नमवितां येईल अशी जुजुत्सु नांवाची एक विद्या आहे, हें त्यांच्या कानीं आलें; परंतु ती शिकण्यास वडिलांचें उत्तेजन नव्हतें. जुन्या विद्येचे दिवसहि फिरले होते. तिचे कित्येक जाणकार तेव्हां हाडें बसविण्याच्या धंद्यावर पोट भरीत असत. म्हणून कानो हाडवैद्यांकडे चौकशी करीत हिंडले, आणि १८७७ सालीं, विद्यापीठांत शिकत असतांना, त्यांना फुकुदा हे गुरु भेटले.

छळाचा सूड उगवावा, या हेतूनें असा मुलगा शिकूं लागला तर त्यांत नवल कांहीं नाहीं. पण पांच वर्षांनीं, १८८२ सालीं, कानो यांनीं तोक्योमधील एका देवळांत बारा चटयांच्या जागेंत 'कोदोकान' ही आपली शाळा काढली, तेव्हां तिचा रोख निराळाच होता. तेथें शिष्याला प्रथम पाडण्याचें शिक्षण मिळत नसे. पडावें कसें, हें तो आधीं शिके. आपली शक्ति उत्तम रीतीनें वापरावी, आणि आपल्याबरोबर दुसऱ्याचेंहि हित व्हावें, हीं त्या शाळेचीं दोन तत्त्वें ठरलीं. ज्याला इतरांनीं जमिनीवर आदळलें, त्यानेंच दुसऱ्याला इजा न होतां जमिनीवर टेकविण्याची कला सिद्ध केली.

कराटेचे प्रसारक गिचिन फुनाकोशी यांचें कारण आणखी साधें होतें. १८६८ सालीं ओकिनावा बेटावर ते अपुऱ्या दिवसांचे जन्मले, आणि लहानपणीं ते सदा अशक्त असत. प्रकृति सुधारावी म्हणून ते रात्रीं कंदील घेऊन गुरूच्या घरीं जात, कारण ती विद्या त्या काळीं उघडपणें शिकविली जात नसे. एकच हालचालींचा क्रम महिनोनमहिने घोटावा लागे. दोन-तीन वर्षांत प्रकृति सुधारली. म्हणजे कारण संपलें. पण सराव संपला नाहीं. ते शाळामास्तर झाले, आणि १९२२ सालीं, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनीं तोक्योंत आपली विद्या प्रथम दाखविली. त्याच सुमारास कानो यांनीं त्यांना आपल्या शाळेंत आदरानें बोलाविलें. एक लहानपणीं छळला गेलेला, दुसरा लहानपणीं आजारी; दोघेहि पेशानें शिक्षक. प्रथम हात उगारूं नये, हीच शिकवण फुनाकोशी आयुष्यभर देत राहिले.

आपल्याकडील उदाहरण लोकमान्य टिळकांचें. १८७२ सालीं मॅट्रिक होऊन ते डेक्कन कॉलेजांत गेले, तेव्हां त्यांची देहयष्टि किरकोळ होती. ती उणीव त्यांना खुपली, आणि त्यांनीं पहिलें वर्ष शरीर कमावण्यास वाहिलें. अभ्यासाचें वर्ष असें खर्ची घालणें कोणत्याहि घरांत शहाणपणाचें मानलें गेलें नसतें. पुढें १९०८ ते १९१४ हा काळ त्यांनीं मंडालेच्या तुरुंगांत काढला. मधुमेहानें पोखरलेल्या देहानें ती कोठडी सोसली, आणि तेथेंच 'गीतारहस्य' लिहून झालें. विद्यार्थिदशेंत जोर-बैठका काढतांना त्यांच्यासमोर मंडाले थोडेंच होतें!

सर्वांचेंच कारण दुःखाचें असतें, असें नाहीं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव यांना कुस्ती वडिलांकडून, जणूं घरच्या शेताप्रमाणें, वारशानें मिळाली. १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

मग लाल मातींत असें काय घडतें कीं, आंत येतांनाचें कारण मागें पडावें? आखाड्यांत उतरणारा प्रथम वांकून मातीला हात लावतो आणि तो कपाळीं नेतो. मग रोज तो चीत होतो. ज्यानें चीत केलें, त्याच्याच अंगाची माती झाडतो, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच्याशींच भिडतो. हरणें म्हणजे अपमान नव्हे, हें त्याला प्रवचनावांचून कळतें. शंभर वेळां पाठ टेकलेल्या मुलाला रस्त्यावरच्या एका टवाळीचें फारसें कांहीं वाटत नाहीं. ज्याला मारण्यासाठीं तो तालमींत आला, त्याच्याशेजारून तो एके दिवशीं शांतपणें निघून जातो.

अर्थात् हें आपोआप घडत नाहीं. चांगला वस्ताद नसेल, तर कारण तसेंच राहतें, दंड मात्र फुगतात. असा मनुष्य ज्या गुंडानें त्याला छळलें, त्याचीच दुसरी आवृत्ति होतो. म्हणून आईबापांनीं "कशासाठीं?" हा प्रश्न मुलाला दरडावून विचारण्यापेक्षां, शिकविणारा कोण आहे, त्याचे जुने शिष्य घरीं-दारीं कसे वागतात, हें आधीं पाहावें.

आणि मुलाचें वा मुलीचें कारण खोटें वाटलें, तरी उलटतपासणी करूं नये. तें पोटांत ठेवण्याचा त्यांचा हक्क आहे. पायांत चपला घालून त्यांना पहाटे जाऊं द्यावें. वर्षानें तोच प्रश्न प्रेमानें पुन्हां विचारावा. उत्तर बदललेलें असेल, तर तालीम लाभली असें खुशाल समजावें.