निसर्गाचं म्हणून निर्धास्त?

आम्ही नांदेड-लातूरच्या गावांत गटांच्या बैठकींना फिरतो, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘निसर्गाचं आहे ना, मग काही होत नाही.’ आणि माणसानं बनवलेलं म्हटलं की लगेच ‘नको गं बाई!’

सगळं जग मूलद्रव्यांचं बनलंय. तव्यातलं लोखंड, डोरल्यातलं सोनं, श्वासातला ऑक्सिजन, ही सगळी मूलद्रव्यं. आजवर ११८ माहीत आहेत. नव्वदच्या आसपास निसर्गात सापडतात, बाकीची माणसानं घडवली. माणसाच्या हातून पहिलं तयार झालं ते टेक्नेशियम, १९३७ साली इटलीत ओळखलं गेलं. त्याच्या नावाचा अर्थच ‘कृत्रिम’. हाडात गाठ पसरली का, हे बघायला दवाखान्यात त्याचाच एक प्रकार शिरेतून देतात. त्याचा किरणोत्सार दर सहा तासांनी निम्मा होतो, दोन दिवसांत जवळजवळ संपतो. बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं, एवढी काळजी घ्यायची.

आता फ्लोरीन घ्या. हे अगदी निसर्गाचं. खडकात असतं आणि फ्लोराइड होऊन पाण्यात उतरतं. थोडं असेल तर दातांना चांगलंच, टूथपेस्टमध्येही घालतात. जास्त झालं की लेकरांच्या दातांवर आधी खडूसारखे पांढरे, मग पिवळे-तपकिरी डाग पडतात. वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर सांधे आखडतात, कंबर वाकत नाही. किनवट भागातल्या लोकांनी हे भोगलंय. लोक त्याला वय म्हणतात, वात म्हणतात.

नांदेडच्या पूर्वेला जुना ग्रॅनाइट खडक आहे. पाणी अशा खडकात जितकं जास्त काळ मुरतं, तितकं फ्लोराइड त्यात उतरू शकतं. दुष्काळात आपण काय करतो? बोअर आणखी खोल नेतो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा आठवा. पाणी लागलं याच्याच आनंदात ते कसलं आहे, हे कोण विचारतं?

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. उकळून जंतू मरतात, पण फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं. प्यायच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट शिकवायचं असतं. तुमच्या गावच्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. नावं नुसती कागदावर असतील तर आपल्या गटातल्या द्या. कोणता बोअर, कोणती तारीख, किती आकडा, हे वहीत लिहा. जास्त निघालं तर ते पाणी धुण्याभांड्याला ठेवा, प्यायला आणि स्वैपाकाला दुसरीकडचं आणा. आणि पहिला नंबर अंगणवाडीच्या पंपाचा लावा, कारण पक्के दात हिरडीच्या आत घडतात ते त्याच वयात.