स्क्रू घट्ट, तरी वायर सैल

आज कोड नाही, वायर.

गेल्या पावसाळ्यात रात्रभराचं प्रिंट लावून मी झोपलो. शेजारच्या खोलीत आई होती. जळका वास तिलाच आधी आला. बघतो तर थ्रीडी प्रिंटरच्या गरम होणाऱ्या बेडची वायर जिथे स्क्रूने आवळली होती, तो कनेक्टर वितळलेला!

चूक माझीच. वायरच्या बारीक तारा पिळून मी वर सोल्डर लावलं होतं आणि स्क्रू कचकून आवळला होता. वाटलं, झालं पक्कं. पण सोल्डर मऊ असतं. दाबाखाली ते हळूहळू पसरतं, पकड सैल होते, रेझिस्टन्स वाढतो. नुसता ०.१ ओहम धरा. १० अँपिअरला १० वॅट उष्णता, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत!

यावर उपाय फेरूल, म्हणजे कथील चढवलेली तांब्याची छोटी नळी. इन्सुलेशन सोला, सगळ्या तारा आत घाला, एकही बाहेर नको. मग क्रिंपरनेच दाबा, साध्या पकडीने नाही. शेवटी ओढून बघा. निसटली तर नवीन घ्या. माप वायरप्रमाणे. जर्मन डीआयएन रंगांत १ चौरस मिलिमीटरला लाल, १.५ला काळी, २.५ला निळी. एकाच जाड तारेच्या वायरला मात्र याची गरज नाही.

आणि हो, दुकानात नुसतं 'फेरूल' म्हणालात तर नंबर छापलेली प्लॅस्टिकची नळी मिळेल. आपल्याकडे पॅनलवाले तिलाच फेरूल म्हणतात. 'एंड सीलिंग लग' मागा.

आता प्रिंट रात्री लावत नाही. आईची अट आहे, आणि बरोबर आहे.