पाच मिनिटं थांब ना

बचत गटाच्या बैठकीत हप्ते लिहून झाले, की हल्ली एकच विषय निघतो. मुलगा गेममधून उठत नाही. हाक मारली की "पाच मिनिटं थांब ना" म्हणतो, आणि ती पाच मिनिटं काही संपत नाहीत. मीही तुमच्याबरोबर मान डोलवायची. यंदा भाऊबिजेला माहेरी गेले आणि ते वाक्य माझ्याच तोंडून निघालं.

झालं असं. माझा भाचा कॉलेजात आहे. टीव्हीला प्लेस्टेशन जोडून रात्री खेळत बसला होता. वहिनीनं जेवायला तीनदा हाक मारली आणि चौथ्यांदा सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. पोरगा न जेवताच झोपला. वहिनी मला म्हणाली, "वन्सं, माझ्यापेक्षा ते भूत मोठं झालंय याला." डोळे भरले होते तिचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, मला शिकव.

खेळाचं नाव 'एलियन: आयसोलेशन'. 1979 साली रिडली स्कॉट यांचा 'एलियन' नावाचा गाजलेला सिनेमा आला होता. अंतराळातल्या मालवाहू जहाजात एक भयंकर प्राणी शिरतो, सगळे मरतात, उरते ती एलन रिप्ली नावाची बाई आणि तिचं मांजर. त्यावर ब्रिटनमधल्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीनं 2014 मध्ये हा खेळ काढला. यात आपण असतो रिप्लीची मुलगी, अमांडा. आई बेपत्ता होऊन पंधरा वर्षं झालीत आणि तिचा माग काढत ही सेवास्तोपोल नावाच्या अंतराळ स्थानकावर येते. तो प्राणी तिथंही आहेच.

मला वाटलं होतं, धडाधड गोळ्या झाडायच्या असतील. तसं नाहीच. तो प्राणी मरतच नाही. आगीचा झोत सोडला तर तेवढ्यापुरता पळतो, आणि पुढं पुढं आगीलाही सरावतो. मग लपायचं. टेबलाखाली, लोखंडी कपाटात. तो कपाटापाशी आला की बटण दाबून श्वास रोखायचा. मी स्वतःचाच रोखला होता! तो कुठून येईल याचा पाठ करता येत नाही, कारण त्याचा रस्ता ठरलेला नाही. भाच्यानं सांगितलं, खेळाच्या आतल्या एका भागाला आपण कुठं आहोत ते कायम माहीत असतं. तो भाग प्राण्याला नुसता अंदाज देतो. पुढं डोळ्यांनी, कानांनी शोधायचं काम त्या प्राण्याचं. कॅमेरा जोडला तर आपल्या खोलीतला आवाजसुद्धा त्याला ऐकू जातो म्हणे. बरं झालं, आमच्याकडे कॅमेरा नव्हता. वहिनीच्या कुकरनं माझा पहिल्याच शिट्टीला जीव घेतला असता.

आता मुद्द्याचं. या खेळात झालेलं काम कुठंही जपून ठेवता येत नाही. त्यासाठी भिंतीवर टेलिफोनसारखी यंत्रं आहेत, तीही लांब लांब. तिथं कार्ड घालायचं, तीन दिवे लागेपर्यंत थांबायचं, आणि तेवढ्यात प्राणी आला तर मेलो. त्याआधी वीज गेली, की मागच्या यंत्रापासूनचं सगळं पाण्यात.

मी अशा एका यंत्राकडे निघाले होते आणि वहिनीनं चहाला हाक मारली. "पाच मिनिटं थांबा ना, वहिनी!" तोंडातून गेलंच. त्या गडबडीत धावले, पावलं वाजली, मेले. अर्धा तास वाया. मैत्रिणींनो, राग कुणाचा आला असेल? वहिनीचा! चहा देणाऱ्या बाईचा.

भाचा हसला. "कळलं ना, आत्या?" कळलं. पण मीही खमकी. विचारलं, "मध्येच थांबवता येत नाही का रे?" त्यानं बटण दाबून दाखवलं, सगळं जागच्या जागी थांबलं. "मग जेवायला उठता येत होतं की." त्यावर गप्प. दुसऱ्यांबरोबर इंटरनेटवर खेळायचे खेळ असे थांबत नाहीत, पण हा थांबतो. म्हणजे बटण बंद करणं वहिनीचं चुकलं, आणि न उठणं त्याचं. आपल्या मुलाचा खेळ कोणत्या जातीचा आहे, एवढं तरी विचारून घ्या. आणि हो, हा खेळ 2021 पासून मोबाईलवरही मिळतो, पण युरोपात त्यावर 18 वर्षांपुढच्यांसाठी असा शिक्का आहे. सातवीतल्या पोराच्या हातात दिसला तर काढून घ्या, तिथं पाच मिनिटंही नकोत.

चहा घेऊन वहिनी आमच्या मागंच बसली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "ही पोरगी शोधतेय तरी कुणाला?"

"आईला," भाचा म्हणाला.

"सापडते का?"

त्यानं सांगितलं, आईनं तिच्यासाठी बोलून ठेवलेला निरोप तेवढा सापडतो. आई यानात झोपेत असते, सत्तावन्न वर्षं. 1986 च्या दुसऱ्या सिनेमाच्या मोठ्या आवृत्तीत ती जागी होते, तोवर मुलगी म्हातारी होऊन गेलेली असते. अकराव्या वाढदिवसाला घरी येईन, असा शब्द आईनं दिला होता.

वहिनी काही बोलली नाही. कप घेऊन आत गेली.

रात्री आठला आतून हाक आली, "सेव्ह केलंस का रे? वाढतेय मी." भाच्यानं खेळ थांबवला आणि हात धुवायला उठला.