पत्त्याचा रकाना

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे, "तुझं ते कुत्र्यामांजरांचं सांग." बरंच झालं. सॉफ्टवेअरवर दहा मिनिटं बोलले असते तर मागच्या बाकावरचे तेव्हासारखेच झोपले असते.

पुण्यातल्या एका प्राण्यांच्या निवाऱ्यात मी गेली नऊ वर्षं दर शनिवारी जाते. मी डॉक्टर नाही. इंजेक्शन देत नाही, टाके घालत नाही. मी नोंदी सांभाळते आणि फोन घेते. फोनवर हमखास येणारं वाक्य म्हणजे, "आमच्या सोसायटीत पाच कुत्री झाली आहेत, येऊन घेऊन जा." लोकांना वाटतं निवारा म्हणजे कुत्र्यांचं वसतिगृह. तो खरं तर दवाखाना आहे. जखमी किंवा आजारी जनावर आत येतं, बरं होतं आणि जिथून आणलं तिथंच परत जातं. म्हणून आमच्या नोंदीत वय, वजन, रंग असे पुष्कळ रकाने असले, तरी मी भांडते ती पत्त्याच्या रकान्यासाठी. नुसतं पेठेचं नाव लिहून चालत नाही. 'पाण्याच्या टाकीमागची गल्ली, इस्त्रीवाल्याच्या टपरीसमोर' असं लागतं.

परत सोडणं हा आमचा हट्ट नाही. २००१ पासून केंद्र सरकारचे तसे नियम आहेत, २०२३ मध्ये ते नव्याने आले. कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि त्याच जागी सोडायचं. कारण साधं आहे. एका गल्लीतली कुत्री उचलली, तरी तिथला कचरा आणि शिळं अन्न तिथंच राहतं. त्या वासावर दुसरी येतात, ती ना लस घेतलेली ना नसबंदी झालेली. कुत्री दोन महिन्यांत विते, त्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा तोच फोन.

पण परत सोडायचं तर तिथं कुणीतरी ओळखीचं हवं. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडलेली कुत्री फार येतात. माशी बारीकशा जखमेवर अंडी घालते आणि दिवसभरात आत अळ्या वळवळू लागतात. मानेवर किंवा कानामागे जखम असेल तर कुत्र्याला चाटताही येत नाही. मागच्या श्रावणात असंच एक कुत्रं आलं, मानेत मूठ मावेल एवढं भोक. त्याला आणलं होतं एका रिक्षावाल्या काकांनी, जुन्या चादरीत गुंडाळून, भाडी सोडून. आमच्या मुलांनी अळ्या चिमट्याने एकेक करून काढल्या. तीन आठवडे रोज ड्रेसिंग झालं. परत सोडल्यावर जखमेवर पावडर मारायची जबाबदारी कोपऱ्यावरच्या पानवाल्याने घेतली, कारण ते कुत्रं त्याच्याच फळीखाली झोपतं. दोन इमारतींत धुणंभांडी करणाऱ्या मावशी त्याला रात्री भात घालतात. गोळी भातात लपवायची युक्तीही त्यांचीच. यातल्या कुणाचंही नाव निवाऱ्याच्या देणगीदारांच्या पाटीवर नाही. आमच्याकडे पिंजरे मोजकेच आहेत. ते रिकामे होतात ते अशा माणसांमुळे.

आपल्याकडे हे नवीन नाही. १८३२ मध्ये मुंबईत पोलिसांनी मोकाट कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, बाजार बंद पडला, दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईत पांजरपोळ काढला. परळचं बैलघोडा हॉस्पिटल तुमच्यापैकी मुंबईकरांना ठाऊक आहेच, तेही एकोणिसाव्या शतकातलं.

माझ्यातल्या इंजिनिअरला मात्र गोव्याची गोष्ट जास्त आवडते. 'मिशन रेबीज' या संस्थेने राज्य सरकारला बरोबर घेऊन तिथे कुत्र्यांचं लसीकरण सुरू केलं. जाळी घेतलेली पथकं वाडीवाडीतून फिरायची, लस दिलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण करायची आणि प्रत्येक लसीची नोंद, ठिकाणासह, मोबाइलमधल्या ॲपवर करायची. कुठली वाडी राहिली ते संध्याकाळी नकाशावर दिसायचं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असा हिशेब आहे. शिवाय शाळाशाळांतून मुलांना शिकवलं. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. त्याआधीची तीन वर्षं तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नव्हता. म्हणजे पत्त्याच्या रकान्याचं मी म्हणते ते अगदीच खूळ नाही.

इथे शिक्षकवर्ग बसला आहे म्हणून मध्येच एक सांगून घेते. मुलाला कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची, काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस बहुधा हातचा जातोच.

आता आपल्या शाळेचं. सकाळी मैदानावर फोटो काढताना तुम्ही तीन कुत्री पाहिलीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा आवारांतली कुत्री नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात न्यायची, पुन्हा तिथं सोडायची नाहीत. मुख्याध्यापकांशी माझं या विषयावर आधीच बोलणं झालं आहे. लहान मुलं चावली जातात, त्यांच्या तोंडामानेपर्यंत कुत्र्याचा जबडा पोचतो, हे मला माहीत आहे. त्यामुळे मी शाळेशी वाद घालायला उभी नाही. माझी अडचण वेगळी आहे. धडधाकट कुत्रं निवाऱ्यात ठेवलं तर ते दहा-बारा वर्षं एक पिंजरा अडवतं, आणि मानेत अळ्या पडलेल्याला मग "जागा नाही" म्हणावं लागतं. हे "जागा नाही" फोनवर मलाच सांगावं लागतं.

दोन कामं गावात राहणाऱ्यांना करता येतील. पोषण आहाराची उरलेली खिचडी नळामागे उघड्यावर टाकली जाते, तिथे झाकणाचा पिंप हवा. आणि मागच्या भिंतीचं भगदाड बुजवायला हवं. (हो, तेच भगदाड. आपण त्याच्यातून कुठे जायचो ते आज सरांसमोर नको.) हे झालं नाही, तर ही तीन गेल्यावर महिन्याभरात दुसरी तीन येतील.

तिघांची नसबंदी आणि लस मागच्या महिन्यात झाली आहे. त्यांना दत्तक घेता येतं. अट एवढीच की पुन्हा रस्त्यावर सोडायचं नाही. तांबड्या कुत्र्याला आपल्याच वर्गातला एक मित्र त्याच्या डाळिंबाच्या बागेत राखणीला नेतो आहे. ठिपक्याच्या पिल्लाला आपल्या भूगोलाच्या बाई घरी घेऊन जाणार आहेत. बाई, नातवंडांना विचारलंत ना?

राहिली काळी. वय आठेक वर्षं, मागचा डावा पाय अधू, दात झिजलेले. भुंकते ते फक्त घंटा झाली की. शिपाईमामा तिला सांभाळतात, पण त्यांच्या खोलीचं दारही याच आवारात उघडतं. तिच्या नोंदीत पत्त्याचा रकाना मी अजून रिकामा ठेवला आहे. तिच्या औषधांचा खर्च माझ्याकडे लागला. अंगण आणि दोन वेळचं खाणं तुमच्याकडचं. जेवणं झाली की मी शिपाईमामांच्या खोलीपाशी थांबते आहे, संध्याकाळी पाचपर्यंत. काळीही तिथेच असेल.