जक्कयाचें झाड



जक्कय प्रभूला पाहण्यासाठीं उंबरावर चढला, हें शुभवर्तमान मीं अनेक वर्षें वाचून दाखविलें. परंतु आपल्याच आवारांत एक उंबर उभा आहे, हें मला ठाऊक नव्हतें. या ज्युबिलीच्या मांडवासाठीं तें झाड तोडण्याचें मींच ठरविलें होतें. तेव्हां एक वृद्ध माउली म्हणाली, "फादर, जक्कयाचं झाड तोडता होय?" मी खजील झालों. मांडव पांच हात सरकला आणि झाड राहिलें.

यरीहोचा उंबर व आपला उंबर एक नव्हेत, तथापि जातभाई होत. क्वचित् भेटणाऱ्यास आपण उंबराचें फूल म्हणतों. वस्तुतः तीं फुलें फळाच्या पोटांतच दडलेलीं असतात आणि एक चिमुकला कीटक आंत शिरून पराग पोंचवितो.

शेंद्र्यांत आतां कारखान्यांचा धूर दिसतो. पण त्यांच्याच कडेनें चैत्रांत कडुनिंब मोहरतो, करंजास कोंवळी पालवी फुटते. गुलमोहर तर दूर मादागास्करचा पाहुणा! वयाचीं ५० वर्षें पुरीं केलेल्या झाडास २०२१ सालच्या कायदेदुरुस्तीनें राज्याच्या शहरी भागांत 'वारसा वृक्ष' मानलें आहे. म्हणजे वृक्षांचाही सुवर्णमहोत्सव असतो.

यास्तव मुलांनो, येत्या रविवारीं मिस्सेला येतांना आपल्या गल्लींतील एका झाडाचें नांव विचारून या. ज्याचें नांव ठाऊक आहे, त्यावर कुऱ्हाड उचलतांना हात थबकतो, माझाही थबकला.

प्रभु तुम्हां सर्वांस आशीर्वाद देवो.