हांकेला ओ
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त महिला मंडळाच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं आनंदाचे चार शब्द बोलावे, पूर्वजांच्या कष्टांचें स्मरण करावें आणि सर्वांस शुभाशीर्वाद देऊन खालीं बसावें, असा प्रघात आहे. आज तो प्रघात आम्ही थोडासा मोडणार आहों, त्याबद्दल आरंभींच क्षमा मागतों. विषय सणाच्या दिवशीं काढावा असा नव्हे. परंतु ज्या कुटुंबांच्या घामाच्या पैशांतून हें मंदिर उभें राहिलें, त्यांतील कांहीं घरांत जें घडतें त्याविषयीं महोत्सवांतही बोलावयाचें नाहीं, तर मग बोलावयाचें तरी केव्हां?

गेल्या महिन्यांत एका रविवारीं मिस्सा आटोपल्यावर मुंबईस नोकरीला जाणारी आपल्या धर्मग्रामांतील एक मुलगी आमच्यापुढें येऊन उभी राहिली. तिच्या गळ्यांत एक नवें सोनेरी पदक होतें. तें पवित्र मातेचें असावें असें समजून आम्हीं आशीर्वादासाठीं हात उचलला. ती हंसून म्हणाली, “फादर, आशीर्वाद अवश्य द्या, पण हें तसलें पदक नव्हे. ही धोक्याची घंटा आहे.” पदकाच्या पाठीमागें एक बारीक कळ होती. ती दोनदां दाबली कीं तिच्या मोबाईलवरून पांच ठरलेल्या माणसांस निरोप जातो, आणि ती कोठें आहे तेंही त्यांस कळतें. वडिलांनीं वाढदिवसाची भेट म्हणून तें तिला दिलें होतें. चर्चगेटहून रात्रींच्या लोकलनें परतणाऱ्या मुलीच्या बापाची काळजी त्या मुलाम्याखालीं आम्हांस स्पष्ट दिसली.

आम्हीं सहज विचारलें, “पांच नांवें कोणाकोणाचीं घातलींस?” ती घुटमळली. “आईबाबांचीं दोन. ऑफिसांतल्या मैत्रिणीचें तिसरें. दोन जागा अजून रिकाम्याच आहेत, फादर. कोणाचें नांव घालावें तें सुचत नाहीं.”

बंधुभगिनींनो, त्या दोन रिकाम्या जागांविषयींच आज आम्हांस बोलावयाचें आहे.

अशा वस्तूंची बाजारांत आतां रेलचेल आहे. ओठांना लावावयाच्या रंगाच्या कांडीसारखी दिसणारी, पण आंत मिरचीच्या अर्काचा फवारा असलेली नळी. किल्ल्यांच्या जुडग्यांत अडकविलेली, खुंटी ओढतांच किंकाळी फोडणारी डबी. बांगडीसारखें दिसणारें कडें. दिल्लींत डिसेंबर २०१२ मध्यें एका तरुणीवर बसमध्यें झालेल्या अमानुष अत्याचारानें देश हादरला. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्यें कानपूरच्या सरकारी शस्त्रकारखान्यानें ‘निर्भीक’ नांवाचें, सुमारें ५०० ग्रॅम वजनाचें रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठीं म्हणून विक्रीस आणलें. त्याची किंमत एक लक्ष बावीस हजार रुपयांहून अधिक होती, आणि तें दागिन्याच्या डबीसारख्या पेटींत घालून मिळत असे. भाजीची टोपली घेऊन पहांटेची गाडी गांठणाऱ्या आमच्या भगिनीनें ती पेटी कोठून आणावी, हा प्रश्न अर्थातच निराळा.

शोभेची वस्तु संरक्षणास वापरावी ही कल्पना मुळींच नवी नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील स्त्रिया मोठमोठ्या टोप्या घालीत आणि त्या केसांत अडकविण्यासाठीं वीतभर लांबीच्या टांचण्या वापरीत. गाडींत अंगचटीस येणाऱ्या पुरुषास त्या टांचणीचा प्रसाद मिळे. पुढें वाटसरूंना इजा होते अशी ओरड झाली, आणि १९१० सालीं शिकागोच्या नगरसभेनें असा नियम केला कीं, टांचणीचें टोंक टोपीबाहेर अर्ध्या इंचाहून अधिक येतां कामा नये. आल्यास पन्नास डॉलरपर्यंत दंड. टांचणीची लांबी अशी नियमांत बसली. ती उपसण्याची पाळी मात्र कोणा स्त्रीवर येऊं नये, ही गोष्ट एका नियमानें साधण्यासारखी नव्हती. आपल्याकडेही गर्दीच्या बसमध्यें सेफ्टी पिन हातांत धरून उभी राहिलेली स्त्री कोणी पाहिली नाहीं?

या साधनांची आम्ही थट्टा करीत आहों असें कोणीं समजूं नये. ज्या मुलीजवळ असें साधन आहे तिनें तें अवश्य बाळगावें, परंतु पर्सच्या तळाशीं पुरून ठेवूं नये. फवारा वाऱ्याच्या उलट दिशेस मारला तर तो आपल्याच डोळ्यांत येतो, म्हणून घरीं मोकळ्या जागेंत एकदां सराव करावा. पदकाची बॅटरी तपासून पाहावी. आपल्या देशांत ११२ हा संकटकाळचा क्रमांक आहे. पुष्कळशा मोबाईलवर चालू-बंद करावयाची कळ झटपट तीनदां दाबली असतां तोच लागतो. आपल्या मोबाईलवर ती सोय कशी आहे तें आजच घरीं गेल्यावर पाहून ठेवावें. आणि आत्मसंरक्षणाचा हक्क कायद्यानें दिलेला आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही तो कायम असून, बलात्काराच्या किंवा ॲसिडच्या हल्ल्यापासून बचाव करतांना तो प्राणघातक प्रतिकारापर्यंत पोंचतो. आपला जीव आणि अब्रू वांचविणारी स्त्री पाप करीत नाहीं, गुन्हाही करीत नाहीं, हें येथें स्पष्टपणें सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

इतकें सांगितल्यावर एक कठोर सत्य पुढें मांडावयाचें आहे. तें पदक गळ्यांत घालून मुलगी घराबाहेर पडते, आणि घरीं आल्यावर काढून ठेवते. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षें एकच गोष्ट आढळते: बलात्काराच्या नोंदलेल्या दर दहा प्रकरणांपैकीं नवांहून अधिक प्रकरणांत आरोपी स्त्रीच्या ओळखीचाच असतो. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत विवाहित स्त्रियांपैकीं सुमारें २९ टक्के स्त्रियांनीं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचें सांगितलें. आणि शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकीं सुमारें ७७ टक्के स्त्रियांनीं त्याविषयीं कोणापाशीं चकार शब्दही काढला नव्हता, कीं मदत मागितली नव्हती. स्वयंपाकघरांत कळ दाबावयाची ती कोणासाठीं? निरोप ज्याला जाणार तोच मारणारा असेल तर?

संत मारिया गोरेत्तीचें नांव आपण मोठ्या भक्तीनें घेतों. इटलींत १९०२ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षांत, ती बळी पडली. १९५० सालीं तिला संतपद मिळालें. परंतु तिच्यावर शस्त्र उगारणारा हात कोणा वाटमाऱ्याचा नव्हता, तर त्याच घरांत राहणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांतील तरुणाचा होता, ही गोष्ट आपण सांगावयास विसरतों.

दानियेलाच्या ग्रंथांतील सुसन्नेची कथा आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. बागेंत एकटी सांपडलेल्या त्या साध्वीस दोन वडीलधाऱ्या न्यायाधीशांनीं धमकाविलें. ती मोठ्यानें ओरडली. लक्षांत घ्या, तिची धोक्याची घंटा चांगली वाजली. घरांतील माणसें धांवतही आलीं. परंतु आल्यावर त्यांनीं ऐकून घेतलें तें कोणाचें? त्या दोघां प्रतिष्ठितांचें. दुसऱ्या दिवशीं भरल्या सभेनेंही त्यांचेंच खरें मानलें आणि तिला देहान्ताची शिक्षा सुनावली. तिचा प्राण वांचला तो एका तरुणानें “थांबा” म्हणून त्या दोघांस वेगवेगळें उभें करून प्रश्न विचारले म्हणून. घटना कोणत्या झाडाखालीं घडली, या एका प्रश्नास दोघांनीं दोन झाडें सांगितलीं. हांक पोंचणें निराळें, आणि हांकेवर विश्वास बसणें निराळें.

हें सर्व ग्रंथांतलें झालें. १८ जून २०२४ रोजीं सकाळीं आपल्याच वसईच्या पूर्व भागांत भर रस्त्यावर एका तरुणीस तिच्या पूर्वपरिचित इसमानें लोखंडी पान्याचे घाव घालून ठार केलें. रस्ता ओस नव्हता. माणसें उभीं होतीं. कांहींच्या हातांत मोबाईल होते आणि ते चित्र टिपीत होते. तेथें कोणतें पदक कमी पडलें? सारें जग पाहत होतें. उणीव होती ती एकजुटीनें पुढें सरणाऱ्या दहा हातांची. एकट्यानें शस्त्रापुढें उडी घ्यावी असें आम्ही सांगत नाहीं. परंतु दहा जणांनीं मिळून आरडाओरड करावी, ११२ लावावा, हल्लेखोरास घेरावें, इतकें तरी आपल्या हातांत आहे.

आतां दुसऱ्यांकडे दाखविलेलें बोट आम्ही स्वतःकडे वळवितों. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामांत सहाय्यक धर्मगुरू होतों. एके सायंकाळीं एक विवाहित स्त्री कार्यालयांत आली. तिनें पदर कपाळापर्यंत ओढला होता. तो कां ओढला होता तें आमच्या ध्यानांत आलें, तरी आम्हीं तें ध्यानांत आल्याचें दाखविलें नाहीं. ती म्हणाली, “फादर, आतां मार सहन होत नाहीं.” सेमिनरींत आम्ही तत्त्वज्ञान शिकलों होतों, ईशज्ञान शिकलों होतों, या वाक्यास उत्तर काय द्यावें तें शिकलों नव्हतों. आम्हीं तिला सोशीकपणाचा उपदेश केला, नवऱ्यासाठीं प्रार्थना करण्यास सांगितलें, आणि मोठ्या उत्साहानें दुसऱ्याच दिवशीं त्याच्या घरीं जाऊन त्याची कानउघाडणी केली. आमच्यादेखत त्यानें मान डोलाविली. त्या रात्रीं तिला पूर्वींपेक्षां अधिक मार बसला. “फादरकडे कां गेलीस” म्हणून. हें आम्हांस कित्येक महिन्यांनीं तिसऱ्याच माणसाकडून कळलें. ती पुन्हां आमच्या दारीं आली नाहीं. तिच्या गळ्यांत असें पदक असतें, तर त्याच्या पांच नांवांत आमचें नांव खचित नसतें.

त्या वेळीं जें सांगावयास हवें होतें तें आज सांगतों. विवाह हा पवित्र संस्कार आहे. परंतु मार खाणें हा त्या संस्काराचा भाग नाहीं. १९८३ च्या धर्मसंहितेंतील ११५३ वें कलम म्हणतें कीं, एक जोडीदार दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या आत्म्यास अथवा शरीरास गंभीर धोका निर्माण करीत असेल, तर दुसऱ्यास विभक्त राहण्याचें रास्त कारण मिळतें. आणि विलंबानें धोका वाढणार असेल तर स्वतःच्या निर्णयानेंही तसें करतां येतें. पोप फ्रान्सिस यांनींही २०१६ मधील ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रांत कांहीं प्रसंगीं विभक्त होणें नैतिक दृष्ट्याही आवश्यक ठरतें असें मान्य केलें आहे. देशाचा २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा पीडित स्त्रीस संरक्षणाचा आदेश आणि राहत्या घरांत राहण्याचा हक्क देतो. स्त्रियांसाठीं १८१ आणि बालकांसाठीं १०९८ हे क्रमांक आहेत. बालकावर अत्याचार झाल्याचें कळूनही गप्प राहणें हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखालीं गुन्हा आहे, मग अत्याचारी घरचा असो, शाळेचा असो, कीं आमच्यासारखा झगा घालणारा असो. हें शेवटचें वाक्य उच्चारतांना आमची मान खालीं जाते. परंतु तें उच्चारलेंच पाहिजे.

मग करावें काय? पहिली गोष्ट, ऐकावें. कोणी स्त्री आपलें दुःख सांगूं लागली तर “तूं काय केलेंस?” असें न विचारतां “आतां तुला सुरक्षित कोठें वाटेल?” असें विचारावें. दुसरी गोष्ट, तिच्या संमतीवांचून नवऱ्याशीं बोलावयास जाऊं नये. आमची चूक कोणीं पुन्हां करूं नये. तिसरी गोष्ट, शेजाऱ्याच्या घरांतून किंचाळी आली तर दूरदर्शनचा आवाज वाढवूं नये. दार ठोठावावें, वाटीभर साखर मागण्याचें निमित्त करूनही ठोठावावें. आणि चौथी गोष्ट आईबापांसाठीं आहे. मुलीच्या वाढदिवसाला आपण धोक्याची घंटा भेट देतों. मुलाच्या वाढदिवसाला काय देतों? ‘नाहीं’ या शब्दाचा अर्थ ‘नाहीं’ असाच होतो, हें त्याला कोणीं शिकवावयाचें? बाप आईशीं कसा बोलतो, हें मुलगा जेवतांना रोज ऐकत असतो. त्याची ती पहिली शाळा होय. तेथें धडा चुकला तर पुढें दहा पदकें विकत घेऊनही तो धडा सुधारतां येत नाहीं.

या मंदिराच्या घंटेचेंही असेंच आहे. ती वाजली कीं वाड्यांवाड्यांतून माणसें निघतात, म्हणून तिला अर्थ आहे.

शेवटीं त्या मुलीविषयीं सांगतों. गेल्या आठवड्यांत ती पुन्हां भेटली. चौथें नांव तिनें शेजारच्या मावशींचें घातलें आहे. पांचव्यासाठीं तिनें आम्हांस भीत भीत विचारलें, “फादर, तुमचा नंबर घालूं का?” उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं एक दिवस मागून घेतला. कारण नांव देणें सोपें. मध्यरात्रीं उठून धांवणें सोपें नव्हे, आणि पूर्वीं एकदां आम्ही हांक ऐकूनही ओ देऊं शकलों नव्हतों. आमचा मोबाईल रात्रीं दहा वाजतां बंद होत असे. त्या दिवसापासून तो बंद होत नाहीं.

आज घरीं जातांना प्रत्येकानें आपल्या मनाशीं एकच प्रश्न विचारावा: या धर्मग्रामांतील कोणती मुलगी, कोणती सून, कोणती बहीण संकटसमयीं माझें नांव निवडील? इतकें बोलून आम्ही आपणां सर्वांची रजा घेतों. परमेश्वर आपणांस हांक ऐकणारे कान आणि ओ देणारें अंतःकरण देवो.